वाचकांचे प्रश्न : लायलॅक खान्देशात फुलेल का?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत राहते. तिच्या घरासमोर मे महिन्यात लायलॅकची झुडपे फिक्या जांभळ्या तुऱ्यांनी लगडतात आणि त्यांचा सुवास दारापर्यंत येतो, असे ती सांगते. दिवाळीत येताना एक रोप आणण्याचा तिचा विचार आहे. आमच्या अंगणात काळी माती आहे आणि पाण्याची सोय चांगली आहे. हे झुडूप येथे जगेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : निगा चांगली राखल्यास रोप काही काळ जगू शकेल, परंतु ज्या तुऱ्यांसाठी आपण ते लावणार, ते तुरे जळगावात येण्याची आशा मी आपणास देणार नाही. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा उन्हाळा त्याला सोसणार नाही, हे कोणालाही सहज सुचेल. तथापि खरी अडचण आपल्या हिवाळ्याची आहे.

लायलॅक हे मूळचे बाल्कन प्रदेशातील खडकाळ टेकड्यांवरचे झुडूप. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानच्या दरबारी असलेले राजदूत बुस्बेक यांच्याबरोबर ते इस्तंबूलहून व्हिएन्नाला पोहोचले आणि तेथून युरोपभर पसरले. आज बागांतून दिसणाऱ्या दुहेरी पाकळ्यांच्या अनेक जाती फ्रान्समधील नान्सी येथे व्हिक्टर लेमोइन यांनी १८७० नंतरच्या दशकांत तयार केल्या. या सगळ्या प्रवासात झुडपाला कडक हिवाळ्याची साथ कोठेही सुटली नाही, आणि त्याचे सारे वेळापत्रक त्या हिवाळ्यावरच बेतलेले आहे.

पानगळीनंतर त्याची फांदी जवळून पाहिली, तर शेंड्याशी बहुधा एकच कळी नसून दोन फुगीर कळ्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. पुढच्या वसंतातील तुरे या कळ्यांत आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन मिटलेले असतात. त्यांची झोप मोडण्यासाठी सात अंशांखालील थंडी दीर्घकाळ मिळावी लागते. नेहमीच्या जातींसाठी ही गरज साधारण हजार तासांच्या घरात सांगितली जाते. हजार तास म्हणजे रात्रंदिवस धरून जवळजवळ सहा आठवडे. आपल्याकडे धुळे-जळगावचा पारा एखाद्या आठवड्यात दहाच्या खाली उतरतो, केळीच्या बागांना त्याचा फटकाही बसतो. पण ती थंडी पहाटेच्या काही तासांची असते आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस अंशांचे ऊन पडते. इतक्याने लायलॅकच्या कळ्यांचे भागत नाही. कॅलिफोर्नियात 'लॅव्हेंडर लेडी'सारख्या कमी थंडीवर फुलणाऱ्या जाती निपजवल्या गेल्या आहेत, परंतु त्यांनाही थोडाफार सलग गारवा हवाच असतो.

मातीबद्दल म्हणाल, तर आपली चुनखडीयुक्त जमीन त्याला एरवी मानवली असती, कारण आम्लधर्मी जमीन त्याला आवडत नाही. मात्र काळ्या मातीत पावसाळ्यात साचणारे पाणी त्याच्या मुळांना मानवत नाही. आणखी एक गोष्ट कन्येला आवर्जून कळवावी : परदेशातून रोप वा कलम आणण्यास आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात गुंडाळून आणलेले रोप विमानतळावरच जप्त होण्याचा संभव असतो, आणि तसे होणे योग्यच आहे, कारण मुळांबरोबर येणारी कीड आपल्या शिवारासाठी नवी असू शकते.

त्याच रंगाचे तुरे हवे असतील, तर मी सावनी सुचवीन. रोपवाटिकेत ती क्रेप मर्टल या नावानेही मिळते. आपले राज्यफूल ताम्हण हे तिचे जवळचे आप्त. फिका जांभळा रंग पाहूनच रोप घ्यावे, कारण गुलाबी आणि पांढरी सावनीही सर्रास विकली जाते. तिच्या चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या बारीक देठांवर तरंगतात आणि खान्देशातील ऊन तिला बाधत नाही. सुवास मात्र तिला नाही. ती उणीव शेजारी मोगरा आणि पारिजातक लावून भरून काढता येईल; हे दोन्हीही लायलॅकच्याच कुळातील आहेत, त्यामुळे नाते अगदीच तुटले असे होणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन 'लायलॅकचे बी' मागवून पेरले. रोपे झपाट्याने वाढून वर्षभरात कमरेच्या वर गेली आहेत. पाने कडुनिंबासारखी दिसतात. फुले कधी येतील?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्याकडे आलेले झाड बहुधा बकाण निंब आहे. इंग्रजीत त्याला पर्शियन लायलॅक म्हणतात आणि विक्रेते त्यातील पहिला शब्द सोयीस्करपणे गाळतात. खऱ्या लायलॅकचे पान साधे, हृदयाच्या आकाराचे असून फांदीवर समोरासमोर जोडीने येते. बकाणाचे पान अनेक दातेरी पर्णिकांचे असते. शिवाय लायलॅकची बियांपासूनची वाढ संथ असते, फुलांसाठी अनेक वर्षे थांबावे लागते आणि निवडक जातींचे गुण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून जाणकार माणूस त्याचे कलम किंवा मुळाजवळचा फुटवाच लावतो.

रोपे उपटून टाकण्याचे कारण नाही. बकाण उन्हाळ्याच्या तोंडी सुवासिक फिकट जांभळी फुले देतो आणि सावलीही चांगली धरतो. फक्त त्याची पिवळी फळे विषारी असतात, तेव्हा गोठ्यापासून आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो दूर लावावा.

प्रश्न : हिवाळ्यात बुंध्याशी बर्फ टाकल्यास लायलॅक फुलते, असे ऐकले. ते खरे आहे का? तोरणमाळला तरी ते येईल का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : थंडीची नोंद फांदीवरील कळ्या घेतात. बुंध्याशी बर्फ टाकून माती गार होईल, वर कळ्या मात्र उन्हातच राहतील. त्यामुळे या उपायावर पैसे घालवू नयेत. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे आणि सातपुड्याच्या त्या भागात काही पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्याही येतात. तरीही तेथील दुपारची ऊब पाहता मी नेहमीची जात लावणार नाही. कमी थंडीची जात अधिकृत मार्गाने मिळालीच, तर प्रयोगासाठी खान्देशात त्याहून बरी जागा मला दिसत नाही.

प्रश्न : सावनी लावून तीन वर्षे झाली. दर वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला छाटतो, पण फुले नावापुरतीच येतात आणि पानांवर पांढरी भुकटी दिसते.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : छाटणीची वेळ चुकते आहे. लायलॅक जुन्या फांदीवर फुलते, म्हणून तिकडे फुलोरा सरताच छाटणी उरकतात. सावनी मात्र त्याच वर्षीच्या नव्या फुटव्याच्या टोकाशी फुलते. जूनमध्ये कात्री चालवली, म्हणजे तयार झालेला फुलोराच कापला जातो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, नवी पालवी येण्याआधी, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या आणि आत वळलेल्या फांद्या काढाव्यात. पहिला बहर ओसरल्यावर फळे धरू न देता शेंडे खुडले, तर बहुधा दुसरा बहरही मिळतो. युरियाचा हात आखडता घ्यावा. नुसती पाने माजतात.

पांढरी भुकटी ही भुरी होय. भेंडीवर येते त्याच प्रकारची. झुडूप दिवसाचे निदान सहा तास उन्हात असावे आणि आतून हवा खेळती राहावी, एवढ्याने ती बरीच आटोक्यात येते. तरीही वाढली, तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारावे.