पत्रात त्याचं नाव कुठेच नाही

पत्र : आमची यावल तालुक्यात सात एकर केळी आहे. मुलाने बारावीनंतर दोनदा नीट दिली. पहिल्यांदा 268 आले, दुसऱ्यांदा 281. आता तिसऱ्यांदा लातूरला क्लास लावायचा विचार आहे. ओळखीच्या एका माणसाने परदेशातल्या कॉलेजची सीटही सांगितली आहे, पण त्यासाठी दोन एकर विकावे लागतील. मुलाचं मात्र लक्ष नाही. गावातल्या सप्ताहात सातही दिवस मंडपात वायरी घेऊन बसला होता, सुरतेत राहणाऱ्या आपल्या लोकांना मोबाईलवर कीर्तन दिसावं म्हणून. मधेच अडखळायला लागलं तर चित्र बारीक केलं आणि आवाज तसाच ठेवला, असं सांगत होता. गाव कौतुक करतं. पण बटण दाबलं की वरून सॅटेलाईटने जातं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? मी त्याला सांगून टाकलं आहे, या वेळी नाही झालं तर मला तोंड दाखवू नको. आता तो आमच्यासोबत जेवायलाही बसत नाही. त्याला लातूरला पाठवू की ती सीट घेऊ?
— एक पालक

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. केळी किती एकर, मार्क किती, विकायची जमीन किती, सगळं त्यात आहे. मुलाचं नाव तेवढं नाही. त्याला काय वाटतं, याबद्दलही एक ओळ नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाच्या आधी मला दुसरंच काही बोलायचं आहे.

‘मला तोंड दाखवू नको’ हे वाक्य तुम्ही परत घ्या. परीक्षा झाल्यावर, निकाल लागल्यावर नव्हे, आजच. तुम्ही ते रागात बोललात हे मला कळतं. दोन वर्षांची फी, त्यातच करपा, वादळात आडवी झालेली बाग, नातेवाइकांचे प्रश्न, हे सगळं त्या एका वाक्यात आलं असेल. पण ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. वीस वर्षांच्या मुलाला एवढंच ऐकू येतं की या घरातली माझी जागा मार्कांवर ठरते. तो जेवायला सोबत बसत नाही याचा तुम्ही अर्थ लावलात, लक्ष नाही. मला त्याचा अर्थ वेगळा वाटतो. ताटावर बसलं की तोंड दाखवावं लागतं.

रात्री तो झोपतो का? मित्रांकडे जाणं बंद झालंय का? ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं काही बोलला आहे का? पत्रात हे नाही, म्हणून मी अंदाज करत बसत नाही. पण यातलं काहीही असेल तर करिअर बाजूला ठेवा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तुम्ही स्वतः केलात तरी चालेल. आणि संध्याकाळी तुम्हीच त्याच्या खोलीत जा, त्याला ‘जेवायला चल’ म्हणा. अभ्यासाचा विषय त्या दिवशी काढू नका. हे तुम्हीच करायचं. त्याच्या आईला मधे घालू नका, कारण वाक्य तुमचं आहे.

सीटबद्दल एका दमात सांगते : नको. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्याला इथे प्रॅक्टिस करण्याआधी एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते, ती सोपी नाही, आणि सीट विकणारा माणूस तोपर्यंत तुमचा फोन उचलणार नाही. दोन एकर केळी विकून ज्याला जायचंच नाही अशा मुलाला तिकडे पाठवणं मला पटत नाही.

लातूरचंही उत्तर जवळपास तेच. दोन प्रयत्नांत 13 मार्क वाढले. 720 पैकी 13. तिसऱ्या वर्षी काय बदलणार आहे? क्लास बदलेल, खोली बदलेल, भाडं वाढेल. मुलाला स्वतःला डॉक्टर व्हायचं असतं तर मी म्हटलं असतं, शेवटचा प्रयत्न करू द्या. तसं तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही.

आता सप्ताहाकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तिथे आहे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. चित्र बारीक केलं, आवाज तसाच ठेवला. भाऊ, हे त्याला कोणी शिकवलं?

बटण दाबलं की वरून सॅटेलाईटने जातं, हा समज फार घरांत आहे, म्हणून नीट सांगते. छपरावरच्या डीटीएचच्या छत्रीचं तसं आहे. सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून एकच सिग्नल सगळ्या देशावर पडतो, ज्याने छत्री लावली त्याने घ्यावा. तुमच्या पोराचं कीर्तन त्या वाटेने गेलंच नाही. ते बहुतेक वाट जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, फायबरमधून गेलं. आणि सलग गेलं नाही, तुकडे होऊन गेलं. इंटरनेटवर आवाज असो की चित्र, सगळ्याची छोटी छोटी पाकिटं होतात. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, आणि मधले राउटर तो वाचून पुढे ढकलतात. एखादं पाकीट उशिरा पोचतं, एखादं वाटेत हरवतं. शिवाय चित्र हे प्रचंड ओझं आहे. पूर्ण एचडी चित्र सेकंदाला 25 वेळा, काहीही न दाबता, म्हणजे आकार लहान न करता पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला 124 कोटी बिट, म्हणजे तितके शून्य-एकचे आकडे लागतात. गावातल्या कुठल्या लाईनवर ते मावणार? म्हणून एन्कोडर, म्हणजे चित्र लहान करणारं सॉफ्टवेअर, ते दाबून काही लाखांवर आणतं. मागच्या चित्रातला मंडप, खांब, पताका हलल्या नसतील तर त्या पुन्हा पाठवायच्याच नाहीत, फक्त बुवांचा हात हलला तेवढं पाठवायचं. पुढे सर्व्हर त्या व्हिडिओच्या तीन-चार प्रती करतो, एक स्वच्छ, एक मध्यम, एक अंधुक, आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो. सुरतेतल्या आजीबाईंचा मोबाईल आपल्या नेटची ताकद पाहून दर तुकड्याला ठरवतो, यातली कोणती प्रत मागायची.

पण हे सगळं सर्व्हरपर्यंत पोचल्यानंतर. तुमच्या गावातून निघणारी प्रत एकच होती, आणि ती बारीक झाली की सगळ्यांचीच बारीक होते. मंडपात हजार मोबाईल असताना नेट अडखळलं, तेव्हा तुमच्या मुलापुढे नेमका हाच प्रश्न होता. साधा फोनवरचा आवाज सेकंदाला 64 हजार बिटांत बसतो. बरं दिसणाऱ्या चित्राला 20-30 लाख लागतात. म्हणजे कात्री चित्रालाच लावायची, आवाजाला लावून वाचणार काहीच नाही. आणि कीर्तनात चित्र दोन मिनिटं धूसर झालं तरी माणूस बसून राहतो, अभंगाचा चरण मधेच तुटला तर उठून जातो. त्याने हे हिशेब करून केलं की अंदाजाने, मला माहीत नाही. पण निर्णय बरोबर होता. या क्षेत्रात पगार घेणारी माणसं दिवसभर अशाच निर्णयांवर डोकं चालवतात.

तुम्ही केळी पिकवता, म्हणून आणखी एक सांगते. सावदा-रावेरहून केळी दिल्लीला जाते. माल चार दिवस उशिरा पोचला तर व्यापारी म्हणत नाही की हरकत नाही, आणखी पाठवा. काळी पडलेली केळी त्याला नकोच असते. व्हिडिओ कॉलचं तसंच आहे. एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला 150 मिलीसेकंदांच्या आत पोचलं तर संवाद सहज वाटतो. त्याहून फार उशीर झाला की दोघं एकाच वेळी बोलतात आणि एकाच वेळी थांबतात. म्हणून कॉलमध्ये उशिरा आलेलं पाकीट सरळ टाकून देतात, सहसा परत मागवत नाहीत. प्रत्येक पाकिटावर क्रमांक आणि वेळ घालायची पद्धत, आरटीपी, 1996 साली ठरली आणि आजही बहुतेक व्हिडिओ कॉल तिच्यावर चालतात. सिनेमाचं उलट. तिथे थोडं आधीच साठवून ठेवता येतं, हरवलेलं परत मागवता येतं, पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एकच तार, पण ताज्या मालाचा नियम वेगळा आणि साठवणीच्या मालाचा वेगळा. हा फरक ज्याला हाताळता येतो तो माणूस टीव्ही कंपनीला लागतो, फोन कंपनीला लागतो, गावातल्या रुग्णाला जळगावच्या डॉक्टरशी स्क्रीनवर बोलवणाऱ्या दवाखान्यालाही लागतो.

आता चार ओळी मुलासाठी. हा भाग त्याला वाचायला द्या.

बेटा, सप्ताहाचं काम छान केलंस. पण लाईव्ह दाखवता येणं म्हणजे हे शास्त्र येणं नव्हे. गावात तुझं कौतुक झालं ते पडद्यावर जे दिसलं त्यासाठी, तुला शिकायचं आहे ते पडद्यामागचं. तुझं अपलोड का अडकलं, डाउनलोड भरपूर असताना? फायबर कंपनी आपल्या ग्राहकांना टीव्ही दाखवते तेव्हा एकच प्रवाह पाठवून फाट्याफाट्यावर त्याच्या प्रती काढते, त्याला मल्टिकास्ट म्हणतात. मग खुल्या इंटरनेटवर सुरतेच्या प्रत्येक मोबाईलला वेगळी प्रत का द्यावी लागते? या दोन प्रश्नांची उत्तरं शोध, चुकली तरी चालतील, आणि मला लिही. शोधताना कंटाळा आला तर तेही लिही. कंटाळा आला तर हा रस्ताही तुझा नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. गणित मात्र सोडू नकोस. चित्र दाबणं, सिग्नल मोजणं, सगळं गणितावर उभं आहे, आणि नीटच्या दोन वर्षांत तुझं गणित गंजलं असेल.

रस्ते तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भराभर. बारावीला गणित होतं का ते आधी बघा. असेल तर एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. किंवा बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, जळगाव-धुळ्याला सरकारी आहेत. डिप्लोमा झाला की पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सोबत सीसीएनए हे नेटवर्किंगचं प्रमाणपत्र करावं, पण कॉलेजऐवजी नव्हे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा प्रवेशाची सरकारी माहितीपुस्तिका वाचा, एजंटाचं ऐकू नका.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर डिप्लोमा. दोन वर्षं हरल्यासारखं वाटलेल्या मुलाला पुन्हा एका मोठ्या परीक्षेच्या तोंडी देण्यापेक्षा हातात काम असलेलं वर्ष द्यावं. सुट्टीत एखाद्या केबल-ब्रॉडबँडवाल्याकडे फायबर जोडायला जाऊ द्या. काचेचे केसाएवढे बारीक दोन धागे मशीनमध्ये वितळवून जोडायचे असतात, जोड चुकला तर पुढच्या सगळ्या घरांचं नेट लंगडतं. तिथे खांबावरही चढावं लागतं, आणि गावातल्या कोणी त्याला ‘वायरमन झाला का रे’ म्हटलं तर उत्तर तुम्ही द्यायचं, त्याने नव्हे. सुरुवातीचा पगार डॉक्टरासारखा नसतो, हेही मी लपवत नाही. पुढे सरकण्याची जागा मात्र आहे. रेल्वेच्या रुळांलगत फायबर टाकणारी रेलटेल आहे, भुसावळ विभागात रेल्वेचं स्वतःचं सिग्नल आणि टेलिकॉम खातं आहे, ग्रामपंचायतींपर्यंत गेलेलं सरकारी फायबरचं जाळं, भारतनेट आहे, आणि पुण्या-मुंबईच्या नेटवर्क कंपन्या तर आहेतच. यातलं कुठे जायचं, हे आत्ता ठरवायची गरज नाही.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचायला मागू नका. त्याने डॉक्टरच व्हायचंय असं लिहिलं तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून लातूरबद्दल पुन्हा विचार करीन. तोवर त्या सीटवाल्याला एक रुपयाही टोकन देऊ नका, आणि पॉलिटेक्निकच्या अर्जासाठी डोमिसाईल व नॉन-क्रिमीलेअरचे कागद सेतू केंद्रात आत्ताच टाका. निकालानंतर तिथे फार गर्दी होते.