व्हिडिओ रेफ्री असूनही निकाल सारखे का येत नाहीत

दादा, तुमचं म्हणणं असं की रग्बी लीगमध्ये एवढे कॅमेरे असून सारख्याच ट्रायला (बॉल शेवटच्या लाइनीपलीकडं टेकवून गुण घेणं) आज हो आणि पुढच्या आठवड्यात नाही, मग रिप्ले बघून निकाल देणारा व्हिडिओ रेफ्री हवाच कशाला. मी इकडं सांगली भागात कबड्डीला पंच म्हणून उभा राहतो आणि ऑस्ट्रेलियाची एनआरएल, म्हणजे तिथली मोठी रग्बी लीग स्पर्धा, आवडीनं बघतो, त्यावरून सांगतो, खोट कॅमेऱ्यात नाही.

पाय लाइनीला लागला का, बॉल हातातून सुटला का, हे दिसतं तरी नाहीतर दिसत नाही, तिथं व्हिडिओनं फरक पडलाच. पण ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे बचाववाल्याची वाट अडवणं, घ्या. बॉल नसलेला गडी पुढं पळतोय, बचाववाला त्याला धडकला, आता तो नसता तर बचाववाला पोचला असता का, का यानंच मुद्दाम अंग घातलं? हे कुठल्या फ्रेममध्ये सापडणार? आणि स्लो मोशनमध्ये साधा धक्का पण ठरवून मारल्यासारखा वाटतो.

त्यात शंका आली तर झुकतं माप कुणाला, हे कुणी विचारतच नाही. 2012 पर्यंत एनआरएलमध्ये शंकेचा फायदा चढाई करणाऱ्या टीमला मिळायचा, 2013 पासून मैदानातल्या रेफ्रीनं आधी ट्राय का नो ट्राय ते सांगायचं आणि पुरेसा पुरावा असला तरच वरनं ते फिरवायचं. म्हणजे क्लिप तीच, पण रेफ्री आधी काय बोलला त्यावर निकाल उलटा येतो आणि नियमानं दोन्ही बरोबर! 2016 ला सगळं सिडनीच्या एका बंकरमध्ये, म्हणजे रिप्ले बघायच्या एकाच खोलीत आणलं, ग्राउंडागणिक वेगळी डोकी नकोत म्हणून, तरी खुर्चीतला माणूस बदलतोच की.

आणि सगळंच बंकरकडं जात नाही. 2019 ची फायनल बघा, 8-8 असताना रेफ्रीनं कॅनबेराला परत सहा टॅकल (सहा वेळा पकडलं की बॉल समोरच्याकडं जातो, ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून) अशी खूण केली आणि लगेच फिरवली, त्यांचा वायटन बॉल घेऊन अडकला, बॉल समोरच्या रूस्टर्सकडं गेला, मग रूस्टर्सच्या टेडेस्कोचा ट्राय आणि 14-8. बंकर नुसता बघत बसला.

आमच्याकडं पण पोरं मोबाइल नाचवत येतात, पंच, बोनस झाला बघा, मागचा पाय हवेत होता! शूटिंग लाइनीच्या तिरकं उभं राहून केलेलं, त्यात अर्धा पाय धुरळ्यात, मी काय बघू त्यात?

मला विचाराल तर 2020 चा कॅप्टन्स चॅलेंज ठेवा, कप्तानानं रेफ्रीचा निकाल तपासायला मागायचा, मागणं चुकलं की चॅलेंज संपला, म्हणून कप्तान जरा विचार करून मागतो. ऑब्स्ट्रक्शनवर तेवढं भांडण राहणारच.