जपानी क्लायंट हसला म्हणजे खूश झाला असं नाही
अरे, पहिल्या कॉलनंतर तू एवढा खूश होतास म्हणून सांगतोय, जपानी माणूस ‘हाय, हाय’ (म्हणजे ‘हो, हो’) म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो नुसतं ऐकतोय, होकार धरू नकोस, आणि ‘चोत्तो...’ (म्हणजे ‘जरा...’) म्हणून श्वास ओढला की बहुतेक नाहीच समज. मनातलं ते होन्ने, चारचौघांत दाखवायचं ते तातेमाए. १९७२ च्या फ्रीझन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात त्रासदायक फिल्म एकट्याने बघताना जपानी आणि अमेरिकन कॉलेजच्या मुलांचे चेहरे सारखेच वाकडे झाले, पण संशोधक समोर आला की जपानी मुलं हसून झाकायची. आपल्याकडे तरी काय रे, आजी गेली तेव्हा सदाशिव पेठेतल्या घरी बाबा कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा विचारत होते, रात्री मोरीत नळ सोडून रडले. कॉलवर शांतता पडली की लगेच बोलू नकोस, थांब, आणि नंतर त्याला एकट्याला मेल टाकून विचार.