वाइनसारखी बाटलीतली बिअरही वर्षानुवर्षं ठेवली तर सुधारते का? कुठली घ्यावी आणि कशी ठेवावी?

दुकानात मिळणारी नेहमीची लागर असेल तर अजिबात ठेवू नका. ती गाळून, पाश्चराइझ करून भरलेली असते. तिच्यात जिवंत यीस्ट उरलेलं नसतं, त्यामुळे पुढे ती फक्त बिघडते. आपल्याकडच्या बहुतेक लेबलांवर सहा महिने लिहिलेले असतात. मी तर तेवढेही थांबत नाही.

ठेवण्याजोगी बिअर म्हणजे आठ-नऊ टक्के अल्कोहोल किंवा त्याहून जास्त असलेली, गडद, बाटलीत यीस्ट असलेली. यावरून आमच्या घरात पाच वर्षं वाद चालला, म्हणून हे लिहितोय.

२०१३ साली बेल्जियमहून परत येताना मी आणि बायकोने प्रत्येकी दोन अशा शिमे ग्रांद रेझर्व या गडद बेल्जियन बिअरच्या ७५० मिलीच्या चार बाटल्या आणल्या. नऊ टक्के अल्कोहोल, लेबलवर साल छापलेलं. चारही एकाच दुकानातल्या, एकाच सालच्या. दोन दादाला दिल्या, दोन मी वाईच्या घरी कोठीच्या खोलीत ठेवल्या. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही. लोणच्याच्या बरण्यांशेजारी बिअर आईला मुळीच पसंत नव्हती, पण गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या ठेवायला तिने परवानगी दिली. मे महिन्यातही तिथला थर्मामीटर २८ च्या वर गेला नाही.

दादाने त्याच्या दोन्ही बाटल्या पुण्यात हॉलमधल्या शोकेसमध्ये आडव्या ठेवल्या. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची भिंत. मी दर सुट्टीत सांगायचो, उन्हाळ्यात तरी हलव. त्याचं उत्तर ठरलेलं: "काच तपकिरी आहे, उजेड लागत नाही. आणि वाइन आडवीच ठेवतात." उजेडाचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कडू द्रव्यांवर उजेड पडला की घाणेरडा वास सुटतो. तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी जवळपास नाहीच. पण उष्णता काच बघत नाही. दर दहा अंशांमागे बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो.

२०१८ च्या दिवाळीत दोघांची एकेक बाटली शेजारी शेजारी उघडली. माझ्या बाटलीत खजूर, मनुका, थोडी काकवी. कडवटपणा उतरला होता, पण फेस अजून जिवंत होता. दादाच्या बाटलीला सोया सॉसची चव आणि मागून ओल्या पुठ्ठ्याचा वास. आडवी ठेवल्यामुळे यीस्ट कडेला पसरून बसलं होतं, ते ओतताना सगळं ग्लासात आलं. वहिनींनी दोन्ही चाखून न विचारता माझ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. दादा म्हणाला, "तुझी वेगळ्या लॉटची असणार." लेबलं समोर होती, साल एकच होतं, तरी हेच म्हणाला.

तर तुम्ही बाटली उभीच ठेवा, गाळ बुडाला राहतो आणि हवेला लागणारा पृष्ठभागही कमी होतो. कॉर्कची गोझ ही आंबट बेल्जियन बिअर मात्र परंपरेने आडवी ठेवतात. अंधार हवा. १०-१३ अंश उत्तम, ते जमत नसेल तर घरातली सगळ्यात थंड खोली. आमची कोठीही काही आदर्श नव्हती, बेल्जियमच्या तळघरात ती बाटली याहून छान राहिली असती. फ्रीजमधून एकदा काढलेली परत ठेवली की बिअर खराब होते, हा दादाचा दुसरा मुद्दा. तोही चूक आहे. एक-दोनदा आतबाहेर झाल्याने काही होत नाही, उन्हात राहिली तर होतं.

आणि पाच टक्क्यांची गव्हाची किंवा हॉप्सच्या वासावर जगणारी आयपीए (इंडिया पेल एल) असेल, तर वरचं सगळं विसरा आणि या महिन्यातच प्या.

दादाकडची दुसरी बाटली अजून त्याच शोकेसमध्ये, त्याच भिंतीला आहे. दादा, वाचत असशील तर या गणपतीला ती वाईला घेऊन ये. माझीही एक कोठीत आहे. या वेळी ग्लासांवर नावं न लिहिता वहिनींच्या हातात देऊ.