कर्ज काढून कंपाउंड टर्बो बसवावा का?

वाचकाचा प्रश्न: माझ्याकडे डिझेल पिकअप आहे, तिचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. तिच्यामागे ट्रेलर लावून मी खोदकामाचं यंत्र कामाच्या जागी नेतो. गाडी, ट्रेलर, यंत्र मिळून वजन सुमारे १० टन भरतं. घर याच कामावर चालतं. आठवड्यातून दोनदा १० किलोमीटरचा मोठा चढ चढावा लागतो. दोन वर्षांपूर्वी ताकद वाढावी म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर ट्यून करून घेतला. आता चढावर एक्झॉस्टचं तापमान इतकं वाढतं की पाय काढावा लागतो आणि वेग ६० वर येतो. गॅरेजवाले म्हणतात, कंपाउंड टर्बो बसवा, ८० ने चढाल, डिझेलही वाचेल. किट आणि मजुरी मिळून खर्च माझ्या तीन महिन्यांच्या निव्वळ कमाईएवढा आहे. निम्मी रक्कम राखीव निधीतून आणि निम्मी १२ टक्के दराच्या, ३ वर्षांच्या कर्जातून उभी करावी का?

उत्तर:

नमस्कार. राखीव निधी मोडून आणि वर कर्ज काढून हे काम करू नका. टर्बोची ही रचना चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या पत्रात मात्र एक वाक्य असं आहे की ज्यामुळे हा खर्च कदाचित करावाच लागणार नाही. त्याकडे येतोच. आधी किट नेमकं काय देतं ते पाहू, कारण गॅरेजने सांगितलेल्या दोन फायद्यांपैकी एक खरा आहे आणि दुसरा टिकत नाही.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. कंपाउंड रचनेत असे दोन टर्बो एकामागोमाग जोडलेले असतात. बाहेरची हवा आधी मोठा टर्बो दाबतो आणि ती दाबलेली हवा छोटा टर्बो आणखी दाबतो. इथे दाबाचा गुणाकार होतो. मोठ्याने दुप्पट केला आणि छोट्याने पुन्हा दुप्पट केला, तर इंजिनाला वातावरणाच्या चौपट दाबाची हवा मिळते. एकट्या टर्बोकडून एवढा दाब मागितला तर त्याची कार्यक्षमता घसरते, हवा फार तापते आणि शाफ्ट धोक्याच्या वेगाने फिरायला लागतो. शिवाय एकटा छोटा टर्बो खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) पटकन जागा होतो, पण वर गुदमरतो. एकटा मोठा वर छान चालतो, पण ओझं घेऊन निघताना सुस्त राहतो आणि धूर काढतो. जोडीत दोघांचे गुण मिळतात. तेवढ्याच डिझेलला जास्त हवा मिळाली की एक्झॉस्टचं तापमान उतरतं. म्हणून ओझं ओढणारे या रचनेची तारीफ करतात, आणि ती रास्त आहे. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये ५३५डी मध्ये आणि फोर्डने २००८ ते २०१० च्या ६.४ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात असे दोन टर्बो कारखान्यातूनच दिले होते. फरक एवढाच की कारखाना असं इंजिन काढतो तेव्हा कूलिंग, गिअरबॉक्स, इंधनाची व्यवस्था सगळं त्या हिशेबाने आखलेलं असतं. नंतर बसवताना हा हिशेब गाडीमालकाच्या खिशातून होतो.

आता वेळ आणि डिझेल. १० किलोमीटरचा चढ ६० च्या वेगाने १० मिनिटांत संपतो, ८० ने साडेसात मिनिटांत. वाचली अडीच मिनिटं. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे पाच मिनिटं, वर्षाचे ५० आठवडे धरले तर चार तासांच्या थोडं वर. तीन महिन्यांची कमाई देऊन वर्षाला साधारण अर्ध्या दिवसाचं काम परत मिळतंय. तो अर्धा दिवसही सलग मिळत नाही, अडीच-अडीच मिनिटांच्या तुकड्यांत मिळतो. त्या तुकड्यांत एकही जादा काम बसणार नाही.

डिझेलचंही गणित करून पाहू. चढ सहा टक्के धरला तर १० किलोमीटरमध्ये गाडी सुमारे ६०० मीटर उंच जाते. १० टन वजन ६०० मीटर उचलायला साधारण १६ युनिट ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातली ४० टक्के चाकापर्यंत पोचते असं मानलं, तरी नुसतं वजन उचलायला चार लिटर जळणारच. टर्बो एक असो की दोन, वजन तेवढंच आणि उंचीही तेवढीच. नव्या टर्बोंनी इंजिन ५ टक्के सुधारलं असं उदारपणे धरलं, तरी त्या चढावर जेमतेम २०० मिलिलिटर वाचतील. आणि ८० ने चढलात तर हवेचा विरोध वाढून तेही जातील. डिझेल वाचतं म्हणून हे किट घेऊ नका. आजवर कोणीही मला हा हिशेब कागदावर जमवून दाखवलेला नाही.

वेगाला आणखी एक किंमत आहे. त्या चढावर ६० ने जाताना फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९८ किलोवॅट लागतात, ८० ने जाताना १३१. म्हणजे एक तृतीयांश जास्त जोर. तो जोर टॉर्क कन्व्हर्टर किंवा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांनी सोसायचा, आणि वाढलेली उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. टर्बो बदलून यातला एकही भाग मजबूत होत नाही. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात टर्बो, पाइप, ऑइल लाइन आणि मजुरी आहे. इंजिनाचं वरचं झाकण (हेड) घट्ट धरणारे हेड स्टड नाहीत, त्याखालचं हेड गॅस्केट नाही, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा उल्लेख नाही, गिअरबॉक्सबद्दल एक ओळ नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, एवढा वाढवून हेड जुन्याच बोल्टवर ठेवायचं का, हा प्रश्न गॅरेजला विचाराच. उत्तर काहीही आलं तरी ते लेखी घ्या. गाडी उभी राहील तितक्या दिवसांची बुडालेली कमाईही याच खर्चात धरायला हवी. तुमच्याकडे दुसरी गाडी नाही.

आता ते वाक्य. ट्यूनिंग दोन वर्षांपूर्वी झालं आणि तापमान ‘आता’ वाढतं. त्याआधी याच चढावर याच ओझ्यासह तापमानाचा काटा कुठे असायचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल इंजिनात ट्यूनिंग म्हणजे बहुतेक वेळा जास्त इंधन. हवा तेवढीच आणि इंधन जास्त, की एक्झॉस्ट तापणारच. मग ती उष्णता उतरवायला जास्त हवा हवी, जास्त हवेला दोन टर्बो हवेत, त्यांना मजबूत हेड हवं, त्या ताकदीला गिअरबॉक्स हवा. एका खर्चाने दुसरा खर्च ओढून आणला आणि पहिल्या खर्चाकडे कोणी वळून पाहिलंच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कर्जाच्या प्रकरणांत हा नमुना नेहमीचा आहे. गाडीच्या जागी घराची दुरुस्ती ठेवा, काही फरक पडत नाही.

म्हणून पहिलं काम: ट्यूनिंग मूळ स्थितीवर आणा, किंवा ओझं ओढण्यासाठी इंधन कमी ठेवणारा सौम्य मॅप (कॉम्प्युटरमधली इंधनाची मांडणी) घाला. दुसरं, बूस्टची गळती तपासून घ्या. इंटरकूलरच्या रबरी नळीला गेलेली बारीक चीर, तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट वळवणाऱ्या, काजळी धरून अडकलेल्या हलत्या पाकळ्या, गळका इंजेक्टर, यांपैकी काहीही तापमान चढवायला पुरेसं असतं. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेली धूळही स्वच्छ करून घ्या. खोदकामाच्या जागी फिरणाऱ्या गाडीत ती असणारच. तिसरं काम फुकट आहे. चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढला की इंजिनातून हवा जास्त खेळते आणि तेवढ्याच जोराला तापमान कमी राहतं. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की उलट होतं.

हे सगळं करून महिनाभर त्याच चढावर नोंद ठेवा: वेग, गिअर, बूस्ट आणि टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं तापमान. काटा क्षणभर वर गेला यापेक्षा तो किती मिनिटं तिथे राहिला हे महत्त्वाचं. अशा गाड्यांचे पिस्टन सहसा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. म्हणून सलग चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राहावं, असं ओझं ओढणारे जाणकार साधारणपणे धरून चालतात. तुमच्या इंजिनाची नेमकी मर्यादा त्याच्या माहितगाराकडून घ्या.

इतकं करूनही, योग्य गिअरमध्ये, काटा मिनिटामागून मिनिटं मर्यादेच्या वर राहत असेल, तर माझं मत बदलेल. तेव्हा हा खर्च इंजिन वाचवण्याचा ठरेल आणि इंजिन तुमची रोजीरोटी आहे. तुमचा चढ खूप उंचावर असेल तरीही पारडं किटकडे झुकतं. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ७० टक्केच उरतो, आणि तिथे एकट्या टर्बोची फार ओढाताण होते. पण तेव्हाही आधी एका, थोड्या मोठ्या टर्बोचं अंदाजपत्रक मागवा. कारखान्याच्या जवळपासच्या ताकदीसाठी तेवढ्यावर भागू शकतं आणि इंजिनाच्या खोलीत पाइपांची आणि उष्णतेची गर्दीही होत नाही.

एका गोष्टीची मला पैशांहून जास्त काळजी वाटते. जो चढ तुम्ही चढता तो परतीला उतार असतो. तुमच्या मूळ टर्बोच्या पाकळ्या हलत्या असतील आणि त्यांच्यावरच एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून उतारावर गाडीचा वेग आवरणारी सोय) चालत असेल, तर साध्या टर्बोंच्या किटने तो ब्रेक जाईल. १० टनांचा सगळा भार मग चाकांच्या ब्रेकवर येईल. वेगळा एक्झॉस्ट ब्रेक अंदाजपत्रकात नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरं आहे. टर्बो कितीही बसवले तरी गाडीच्या पट्टीवर लिहिलेली ओढण्याची मर्यादा वाढत नाही. ती ब्रेक, अ‍ॅक्सल, चासी आणि टायरवर ठरते. बदल विमा कंपनीला लेखी कळवावा लागेल. न कळवल्यास अपघातानंतर दावा अडू शकतो. उत्सर्जनाची यंत्रणा काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तिथेच थांबा. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे.

पैशांच्या व्यवस्थेबद्दल. तुमचा राखीव निधी चार महिन्यांच्या घरखर्चाचा आहे. एकाच गाडीवर चालणाऱ्या घराला चार महिनेसुद्धा कमीच. मी सहा सांगितले असते. त्यातून किटचा अर्धा खर्च काढला आणि पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सने मान टाकली, तर गाडी उभी, कमाई बंद आणि हप्ता मात्र चालू. १२ टक्क्यांनी ३ वर्षांत मुद्दलाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं व्याज जातं. आणि गाडी विकताना हा खर्च वसूल होत नाही, उलट फेरफार केलेलं इंजिन पाहून गिऱ्हाईक हात आखडता घेतं. कधी काळी किट बसवलंच, तर मूळ टर्बो आणि त्याला जोडणारा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड जपून ठेवा.

गेल्या वर्षी हप्ता संपला, म्हणजे दरमहा तेवढी रक्कम मोकळी झाली आहे. ती आजपासून वेगळ्या खात्यात टाका. आधी राखीव निधी सहा महिन्यांवर न्या, मग गिअरबॉक्स आणि टायरसाठी साठवा. त्यानंतर जे जमेल ते टर्बोला वापरा किंवा पुढच्या गाडीच्या पहिल्या भरण्याला. आणि ही गाडी घडवण्यातच तुम्हाला आनंद असेल, तर तोही खर्चाचा खरा हेतू आहे. घरात तसं मोकळेपणाने सांगा, छंदाच्या पैशांतून करा आणि धंद्याच्या हिशेबात धरू नका.

महिनाभराच्या नोंदी आणि दोन्ही अंदाजपत्रकं, कंपाउंडचं आणि एका टर्बोचं, मला पाठवा. त्यांत हेड स्टड, एक्झॉस्ट ब्रेक, गिअरबॉक्सचं काम आणि गाडी किती दिवस गॅरेजमध्ये राहील हे लिहिलेलं असू द्या. तोपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नका.