डायलिसिस, प्रार्थना आणि 'विश्वास कमी पडतोय' म्हणणारी माणसं

ताई, सलाम.

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. यजमानांचं डायलिसिस, किडनी द्यायला तयार असलेल्या नणंदेलाच तपासणीत मधुमेह निघाला, प्रार्थनागटातल्या कुणीतरी 'घरात कुठेतरी अविश्वास आहे, तो शोधा' असं सांगितलं, आणि आता रविवारी गीत सुरू झालं की तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, देव प्रेम करतो तर आमच्याच वाट्याला हे का, आणि आशा धरायची ती कशाच्या जोरावर?

'का'चं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र बोलू शकतो.

माझी बायको आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर असायची, इथे ठाण्यात. ती आता नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे 'यांचं सगळं नीट झालं म्हणून बोलतायत' असं वाटायला नको. पाणी मोजून देणं, फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून केलेल्या) हाताला बीपीचा पट्टा लावू न देणं, केळं-नारळपाणी बंद, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे, त्यात शिरत नाही. मी पाळक नाही, डॉक्टरही नाही. जे लिहितोय ते एका घरचं आहे आणि ते थोडं कडवट होईल.

आजाराने जे नेलं ते नेलंच. त्याखेरीज आमचं जे गेलं, ते तुम्हाला ऐकावं लागलं तसल्याच वाक्यामुळे गेलं. नवी मुंबईत एका प्रार्थनासेवेचं कार्यालय होतं. नाव लिहीत नाही, कृपया मेसेज करूनही विचारू नका. मशीन नसलेल्या दिवशी आम्ही ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जायचो. तिथे फॉर्म भरून घेत. नाव, आजार, कधीपासून, आणि खाली एक रकाना: 'अडथळा'. बरं होण्याच्या आड काय येतंय ते रोग्याने स्वतः लिहायचं. क्षमा न केलेलं माणूस, लपवलेलं पाप, वाडवडिलांचा काही दोष. धड जेवण जात नसलेली बाई पेन हातात धरून बसून राहायची. शेवटी तिने माझ्या आईशी कधीकाळी झालेलं भांडण लिहिलं. टेबलापलीकडच्या बाईंनी मान डोलावली, रोगाचं निदान झाल्यासारखी.

मग नियम सांगितले. 'आजारी आहे' म्हणायचं नाही, 'बरी झाले आहे' म्हणायचं. मरण हा शब्द घरात उच्चारायचा नाही, कारण तोंडातून निघतं तेच घडतं. बरं झाल्याची साक्ष आत्ताच लिहून द्यायची, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवायची. दर थोड्या दिवसांनी फोन यायचा, 'कबुली चालू आहे ना?' म्हणजे 'बरी झाले' असं तोंडाने म्हणत राहणं.

त्याच काळात एका रात्री हॉस्पिटलमधून किडनीसाठी बोलावणं आलं. प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाचं काही जुळलं नाही तर पर्याय हवा म्हणून मागच्या नंबरवाल्यांनाही बोलावतात, हे तुम्हाला हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरने सांगितलं असेलच. पहिल्याचं जुळलं. आम्ही पहाटे परत आलो. कार्यालयाला कळल्यावर उत्तर आलं, 'सैतानाने अडवलं, घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला.' मला तेव्हाही ते सहन झालं नाही, आजही होत नाही. ज्याला ती किडनी मिळाली त्याच्याही घरी कुणीतरी हात जोडून बसलं असेल. आणि ती किडनी जिथून आली त्या घरात त्या रात्री माणूस गेलं होतं. त्यांचाही विश्वास डळमळला होता का? देवाच्या प्रेमाचा हिशोब असा मांडायला लागलं की कुणाच्या तरी प्रेताशी येऊनच थांबावं लागतं.

सगळ्यात महाग पडला तो मात्र मरणाच्या शब्दावरचा नियम. आम्ही मुलीबद्दल बोललो नाही. कुठे पुरायचं, कोणतं गीत म्हणायचं, मी पुन्हा लग्न करावं की नाही, काहीच नाही. मी विषय काढला की ती ओठांवर बोट ठेवायची. आणि शेवटच्या आठवड्यात शुद्धीवर असताना तिने मला विचारलं, 'अजून काय राहिलंय लिहायचं?' त्या रकान्याबद्दल विचारत होती. देवासमोर जायच्या वेळी तिला वाटत होतं की आपला अर्ज अपुरा आहे.

हीच बाई त्याआधीच्या गुड फ्रायडेला कशी होती ते सांगतो. तिची पाळी सोमवार-बुधवार-शुक्रवार, त्यामुळे बारा ते तीनची उपासना चुकली. मी मशीनशेजारी बसून वधस्तंभावरची सात वचनं वाचत होतो. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' इथे तिने मला थांबवलं आणि म्हणाली, 'हे बोलताना प्रभूचा विश्वास कमी पडला होता का हो?' ते वाक्य बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. येशूने वधस्तंभावर साक्ष दिली नाही, तक्रार केली, आणि तीही शास्त्रातल्याच शब्दांत. मशीनवर पडून जिला हे दिसत होतं, तिच्याकडून त्या कार्यालयाने काही महिन्यांत तो प्रश्नच काढून घेतला.

म्हणून ताई, माझं ठाम मत ऐका. ज्या गटात रडायची, कुरकुरायची, देवाला जाब विचारायची परवानगी नाही, तो गट सोडा. निदान यजमानांना तिथून दूर ठेवा. माणसं वाईट असतात असं म्हणत नाही, आमच्याकडे येणाऱ्यांतही काहीजण मनापासून यायचे. पण रोग्याच्या उशाशी बसून कारण शोधणं हे शास्त्रातल्या ईयोबाच्या, सगळं गमावलेल्या त्या माणसाच्या, मित्रांचं काम आहे. सात दिवस ते नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसले तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं, आणि शेवटी देवाने चूक त्यांची काढली, ईयोबाची नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्यही तोच रकाना घेऊन आले होते: हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? प्रभूने दोन्ही नावं खोडली. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं कसलंसं दुखणं, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिलाच. त्याला सोबतीचं, पुरेशा कृपेचं वचन मिळालं. पौलाला कुणी 'अडथळा' विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्या पंडिता रमाबाई घ्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. नंतर भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. हे सगळं ख्रिस्ताकडे येण्याआधीचं, असं कुणी म्हणेल. पण विश्वासात आयुष्य घालवल्यावर, केडगावात शेकडो निराधार बायका-मुलींना आसरा दिल्यावर, 1921 मध्ये ती मनोरमाही त्यांच्याआधी गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करून. त्यांच्या फॉर्मवर 'विश्वास कमी' असं लिहायची कुणाची हिंमत आहे?

आता आशेबद्दल. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट तुम्हाला पाठ असेल. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील, असं विचारून पौल क्लेश, उपासमार, नग्नता, तरवार अशी एकेक नावं घेतो. ही संकटं येणार नाहीत असं तो म्हणत नाही. येतील, पण वेगळं करू शकणार नाहीत, एवढंच म्हणतो. आणि पुढच्या यादीत सगळ्यात पहिला शब्द आहे 'मरण'. ज्या घरात तो शब्द बंद आहे तिथे हे वचन वाचताच येत नाही. आमच्याकडे ते भिंतीवर लावलेलं होतं आणि आम्ही वाचू शकत नव्हतो.

माझी आशा आता त्या यादीवर आहे. किडनी मिळेल का, मशीन सुटेल का, यावर लावलेली आशा दर रिपोर्टबरोबर वरखाली होते, आणि ती तशी होणारच, त्याला इलाज नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) खाली आलं की आनंद करा, देवाचे आभार माना. पण प्रभूने मेलेल्या लाजराला कबरेतून बाहेर बोलावलं, त्यालाही पुढे कधीतरी पुन्हा मरावं लागलंच असणार. आणि त्याला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू आधी रडला. रडणं वगळून थेट चमत्कारावर गेला नाही. माझ्यासाठी देवाचं प्रेम तिथे दिसतं. शेवटचा शब्द पुनरुत्थानाचा आहे असं मी धरून चाललोय. धरून चाललोय असंच म्हणतो, रोज सारखं जमतं असं नाही. तिच्या वाढदिवसाला अजिबात जमत नाही.

गाणं फुटत नाही त्याची काळजी करू नका. बसून राहा, मंडळी तुमच्या वाटचं गाते. घरी 13 वं स्तोत्र वाचा, सुरुवातच 'कुठवर' अशी आहे. 88 वं एकटीने रात्री वाचू नका, त्याच्या शेवटी उजेड नाही, कुणाला तरी शेजारी घेऊन वाचा. मला मात्र त्याच स्तोत्राने सगळ्यात जास्त आधार दिला, कारण इतका अंधारही शास्त्रात घेतलेला आहे. आणि यजमानांना विचारा, त्यांना कशाची भीती वाटते. चार तास मशीनवर असतात, टीव्ही बंद करा आणि विचारा. ते बोलले तर लगेच वचन सांगू नका.

थोडं व्यवहाराचं, विचारलं नाहीत तरी. विश्वासाचं पाऊल म्हणून डायलिसिसची पाळी चुकवा किंवा निर्जळी उपास करा असं कुणीही सांगितलं, कितीही मोठा सेवक असो, तरी ऐकू नका, आधी नेफ्रोलॉजिस्टला, किडनीच्या डॉक्टरांना, फोन करा. नणंद बाद झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. तुम्ही किडनी द्यायला तयार असाल आणि रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या तशाच दाता-रोगी जोडीशी अदलाबदल कायद्यात बसते, आणि हॉस्पिटलमार्फत मुंबईच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या समितीच्या) यादीत नाव लागलंय ना ते खात्री करून घ्या. फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं (योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं) टेबल असतं, रेशनकार्ड घेऊन जा. नियम बदलत असतात, तिथेच विचारून घ्या.

आणि तुमच्या आचार्यांना, म्हणजे मंडळीच्या पाळकांना, घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) द्यायला बोलवा. आम्ही संकोचाने उशिरा बोलावलं. पाणी मोजून असतं हे त्यांना आधीच सांगा, भाकरीचा तुकडा प्याल्यात बुडवून देतात, घोटाची गरज पडत नाही. नेरूळच्या बाजूला ओळखीचे आचार्य नसतील तर मला मेसेज करा, हे नाव मी आनंदाने देईन.