'दहशतवादाला धर्म नसतो' हे वाक्य काढून टाक

सप्रेम आशीर्वाद.

दहशतवादी हल्ल्यावरचा तुझा लेख दोनदा वाचला. कष्ट दिसतात. पण पहिलंच वाक्य मी लाल पेनाने खोडलंय, ते का, हे सांगायला हे पत्र. राग मानू नकोस. 'दहशतवादाला धर्म नसतो' हे वाक्य मी स्वतः अग्रलेखांत निदान दहादा वापरलं असेल. हल्ला झाला की संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा असतो आणि हे वाक्य हाताशी तयार असतं. ज्यांना ते आधीच पटलंय ते मान डोलावतात, बाकीचे पान उलटतात. आणि पान उलटणाऱ्यांचं काय चुकतं? हल्लेखोर कुराणातल्या आयती म्हणत गोळ्या झाडतो आणि आपण त्यालाच सांगायला जातो की बाबा रे, तुझा धर्माशी काही संबंध नाही.

तुझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी मुसलमानांबद्दल म्हणतो, 'सगळे तसलेच'. चिडतेस तू त्याच्यावर, पण त्याचं वाक्य तुझ्या वाक्याचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही वाक्यांनंतर काही शोधायची गरज उरत नाही.

शोधायला तर पुष्कळ आहे. धर्माच्या नावावर मारण्याचं हे भांडण इस्लामच्या पोटात पहिल्या शतकापासून चालू आहे. मुसलमानच मुसलमानांशी लढले त्या सिफ्फीनच्या लढाईनंतर चौथे खलिफा अली यांनी लवाद मान्य केला, म्हणून त्यांच्याच सैन्यातला एक गट फुटला. त्यांना खवारिज म्हणतात, म्हणजे बाहेर पडलेले. त्यांची घोषणा होती, 'निवाडा फक्त अल्लाहचा'. त्यावर अलींचं उत्तर परंपरेत नोंदलेलं आहे: बोल खरा, पण त्यातून साधायचंय ते खोटं. ६६१ साली कुफाच्या मशिदीत याच गटातल्या माणसाने अलींवर विष लावलेली तलवार चालवली. मारणारा नमाजी, मरणारा नमाजी, आणि तोही पैगंबरांचा जावई.

समोरच्या मुसलमानाला काफिर ठरवून टाकायचं, याला 'तकफीर' म्हणतात. 'जिहाद' हा शब्द आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतो. तकफीर मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळला. आजच्या हिंसेचं बरंचसं यंत्र या दुसऱ्या शब्दावर चालतं. डिसेंबर २०१४ मध्ये अतिरेक्यांनी पाकिस्तानात पेशावरला लष्कराच्या शाळेत १३० हून अधिक मुलं मारली. जुलै २०१६ मध्ये बगदादच्या करादा भागात, रमजानच्या रात्री खरेदीला निघालेल्या गर्दीत स्फोट घडवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इजिप्तच्या सिनाईतल्या रवदा मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला जमलेली ३०० हून अधिक माणसं मारली. मेले ते बहुतेक मुसलमानच. पॅरिसचा हल्ला माझ्या वाचकांना आठवतो. रवदाचा आठवत नाही, कारण तो आम्ही आतल्या पानावर दोन कॉलमांत उरकला होता.

आता त्या आयतीबद्दल. कुराणातल्या सूरा तौबाची, म्हणजे तौबा या अध्यायाची, पाचवी आयत, मूर्तिपूजकांना दिसतील तिथे मारा असं सांगणारी, तुला रोज कुणी ना कुणी पाठवत असेल. ती आहे, नाही असं लिहू नकोस. तिच्या आगेमागे करार मोडणाऱ्या टोळ्यांचा विषय आहे. आणि लगेचची सहावी आयत सांगते की त्यांच्यातला कुणी आश्रय मागायला आला तर त्याला आश्रय द्या आणि सुरक्षित जागी पोचवा. गंमत अशी की अतिरेकी आणि इस्लामचे कडवे विरोधक दोघेही पाचवीपाशी थांबतात. वाचायची पद्धत दोघांची एकच.

पण म्हणून सगळं गोड लिहून मोकळी होऊ नकोस. सलमान तासीर, पाकिस्तानातल्या पंजाबचे राज्यपाल, ईशनिंदेच्या आरोपात अडकलेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती बाईच्या बाजूने बोलले. ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. त्याला कोर्टात आणलं तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, आणि २०१६ मध्ये त्याला फाशी झाली तेव्हा अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी होती. ही गर्दी बॉम्ब लावणाऱ्यांची नव्हती. साधी माणसं होती, आणि तेच अस्वस्थ करणारं आहे. हे तुझ्या लेखात आलंच पाहिजे. त्याला फाशी सुनावणारे न्यायाधीशही मुसलमान होते आणि मारले गेलेले तासीरही, हेही आलं पाहिजे. यातली एकच बाजू घेतलीस तर मी पुन्हा लाल पेन काढीन.

एक माझी चूक सांगतो. २२ जुलै २०११, आपल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजत आलेले. ऑस्लोत सरकारी इमारतींपाशी स्फोट. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सोडायची घाई, एजन्सीच्या मजकुरात जाणकारांचे अंदाज. मी मथळा टाकला, 'ऑस्लो हादरले. जिहादी गटांवर संशय'. पान गेलं. मग बेटावरच्या तरुणांच्या शिबिरात गोळीबार झाल्याचं येऊ लागलं, आणि मध्यरात्र उलटल्यावर कळलं की पकडलेला माणूस नॉर्वेचाच आहे. अँडर्स ब्रेविक. ७७ माणसं मारली त्याने, आणि त्याचं लिखाण मुसलमानांच्या द्वेषाने भरलेलं होतं. शहर आवृत्ती मी बदलली. डाक आवृत्ती तोवर गाड्यांत भरून निघून गेली होती. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं मेली तेव्हाही पहिल्या तासांत हाच संशय सगळीकडे फिरला होता, हे मला ठाऊक असूनही मी ते केलं. खुलासा दुसऱ्या दिवशी आला, पाचव्या पानावर, तळाला.

असा मथळा कुणाच्या कामी येतो ते बघ. इसिसच्या 'दाबिक' मासिकाने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'करडा पट्टा' संपवायची भाषा केली. करडा पट्टा म्हणजे जिथे मुसलमान इतरांच्या शेजारी राहतात, एकत्र कामाला जातात, एकमेकांशी भांडतात आणि पुन्हा बोलतात. तो संपला, शेजाऱ्यांचा संशय असह्य झाला, की माणूस आपसूक आपल्याकडे येईल, असा त्यांचा सरळ हिशेब.

तरी वाचकाला झापू नकोस. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेत एखादी पिशवी बघून पोटात गोळा येतो, तो द्वेष नव्हे. भीती आंधळी असते हे मात्र दाखव. ११ सप्टेंबरनंतर चौथ्याच दिवशी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावी पेट्रोल पंपाच्या एका मालकाला गोळ्या घालून मारलं. तो शीख होता. मारणाऱ्याने पगडी आणि दाढी तेवढी पाहिली.

आणि फोटो. नमाज पढणाऱ्यांच्या रांगांचा तो फाइल फोटो तू हल्ल्याच्या मजकुराला लावलास. बातमीत नमाज कुठेच नाही. बदल तो. 'कट्टर' हा शब्दही तीन ठिकाणी तीन अर्थांनी आलाय: एकदा दाढीवाल्याला, एकदा मदरशाला, एकदा बंदूकवाल्याला. धार्मिक, सनातनी, अतिरेकी असे वेगळे शब्द आपल्याकडे आहेत.

शेवटी तू विचारलंस, ऑफिसातल्या मुसलमान सहकाऱ्याकडून निषेधाची प्रतिक्रिया घेऊ का? निषेध होत नाहीत असं नाही. मुंबईत २००८ साली मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना कबरस्तानात जागा द्यायला मुसलमानांच्याच ट्रस्टने नकार दिला. २०१४ मध्ये १२० हून अधिक मुसलमान धर्मपंडितांनी इसिसचा म्होरक्या बगदादीला खुलं पत्र लिहून त्याचे दावे एकेक करून खोडले. ते मी सिंगल कॉलम लावलं होतं. पण तुझ्या सहकाऱ्याचं विचारशील तर, आमच्या क्रीडा पानावर एक जण होता. हल्ला कुठेही होवो, मी त्याच्याकडून 'एक मुस्लिम नागरिक म्हणून' दोनशे शब्द लिहून घ्यायचो. तो निमूट द्यायचा. चौथ्या वेळी त्याने मागचाच मजकूर, फक्त गावाचं नाव आणि तारीख बदलून दिला. मी तो न वाचता पानावर लावला.

नवा मसुदा सोमवारपर्यंत पाठव.